कोणी ठेवला माहीत नाही

एप्रिलमधल्या एका बुधवारी अण्णांनी वहीत एक ओळ लिहिली आणि ती ओळ पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. तशी साधीच ओळ. "९ एप्रिल २०२५. कॉम्प्युटर. सी ड्राइव्हमध्ये एक रिकामा फोल्डर. कोणी ठेवला माहीत नाही. ताईने काढून टाकला." ताई म्हणजे मी. निळ्या शाईचा पेन, सुवाच्य अक्षर, ओळीच्या शेवटी पूर्णविराम. कुठेही राग नाही, तक्रार नाही, झालं ते लिहिलंय. पण "माहीत नाही" या दोन शब्दांखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती. अण्णा रेघ पट्टीनेच मारतात.

ही वही मुळात आईची. वाण्याकडे असते तसली लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. जुन्या नाशकातला वाडा सोडून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तिने ती सुरू केली. वाड्यात कोण आलं कोण गेलं हे लिहायची गरजच नसायची, चौकात बसलेल्या कुणाच्या तरी डोळ्याखालून गेल्याशिवाय माणूस आत येऊच शकायचा नाही, आणि तीन बिऱ्हाडांतली एक तरी बाई विचारायचीच की कोण पाहिजे. फ्लॅटमध्ये दार बंद. बेल वाजते, माणूस आत येतो, काहीतरी खुडबुड करतो आणि जातो, आणि संध्याकाळी आपण विचारात पडतो की त्याने नक्की केलं काय. म्हणून आईने रकाने आखले. तारीख, कोण आलं, कशासाठी, काय केलं, किती दिले. "गॅसवाला. नळी बदलली. नाव विचारलं, सांगितलं नाही." "वायरमन. बाथरूमचा बोर्ड. उद्या येतो म्हणाला, आला नाही." तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती गेल्यावर दोनेक महिने वही तशीच फ्रिजवर पडून होती, मग एक दिवस पाण्याचा फिल्टरवाला येऊन गेला आणि मी बघितलं तर अण्णांनी तिच्या शेवटच्या ओळीखाली एकही ओळ न सोडता पुढे लिहायला सुरुवात केली होती.

आता त्या बुधवारचं सांगते. मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते, मार्च एंडिंग नुकताच संपला होता, डोळे चुरचुरत होते. नाशिकचा एप्रिल आता पूर्वीसारखा राहिला नाही, संध्याकाळी सहा वाजता जिना चढताना कठडा हाताला गरम लागत होता. घरात शिरले तर कूलरमधल्या वाळ्याचा वास, टेबलावर द्राक्षांचा शेवटचा शेवटचा घड, अर्धे मणी सुरकुतलेले, आणि आतल्या खोलीतून अण्णांची हाक. "ताई, जरा इकडे ये. हे बघ. आय, एन, ई, टी, पी, यू, बी. हे काय आहे?" त्यांनी एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचलं. अण्णांचा एक फोल्डर थेट सी ड्राइव्हवर आहे, कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मुलाने २०१७ साली तिथेच करून दिला होता आणि त्यांनी तो कधी हलवू दिला नाही. त्यात सोसायटीचे हिशोब आणि त्यांच्या आठवणी, ज्या ते रोज सकाळी अर्धं पान टाइप करतात. त्यामुळे तो ड्राइव्ह उघडला की काय काय दिसतं हे त्यांना पाठ आहे. रोज सहा फोल्डर असतात. त्या दिवशी सात होते.

मी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता वाकले, फोल्डर उघडला, आत काहीच नाही. प्रॉपर्टीजमध्ये शून्य बाइट. डिलीट दाबलं, त्याने परवानगी मागितली, मी कंटिन्यू केलं, गेला. म्हटलं, "काही नव्हतं अण्णा. रिकामा होता. काढला." ते म्हणाले, "बरं. पण ठेवला कोणी?" मी म्हटलं, "काल रात्री अपडेट आलं असेल, त्याने."

"अपडेट म्हणजे कोण?"

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

अण्णांनी पस्तीस वर्षं नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये काढली. तिथे छापण्याआधी कागद मोजतात आणि छापल्यावर परत मोजतात, वाया गेलेला कागदसुद्धा मोजून, सही घेऊन, मगच नष्ट होतो. लहानपणी मला वाटायचं की माझे वडील पैसे, स्टॅम्प असलं काहीतरी भारी बनवतात, ते मात्र सांगायचे की मी मोजतो. एक कमी भरला तर घरी जायचं नाही हे सगळ्यांना समजतं, पण एक जास्त भरला तरीसुद्धा जायचं नाही, हे ते आवर्जून सांगायचे, कारण जास्त भरला म्हणजे कुठेतरी कमी आहे किंवा तो आपला नाहीच. तर अशा माणसाला सहाचे सात झालेले दिसले आणि मी परत सहा करून दिले, हिशोब जुळला ना, झालं. मला खरंच वाटलं की मी मदत केली.

तीन दिवसांनी, शनिवारी, ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर बातमी दिसली. आयनेटपब नावाचा रिकामा फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर दिसत असेल तर काढू नका. ८ एप्रिलच्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने तो मुद्दाम केलाय. पहिल्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता, लोक विचारायला लागले तेव्हा कंपनीने दोनेक दिवसांत तो जोडला आणि स्पष्ट लिहिलं की फोल्डर राहू द्या. घास तोंडात तसाच राहिला. जगभरात हजारो जणांनी तेच केलं असणार जे मी केलं, हे कळून बरं वाटायला पाहिजे होतं, नाही वाटलं. कारण त्या हजारो जणांच्या मागे "ठेवला कोणी" असं विचारणारा माणूस बसलेला होता की नाही मला ठाऊक नाही. माझ्या मागे होता. आणि त्याचा प्रश्न बरोबर होता.

रविवारी सकाळी मी अण्णांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हटलं, अण्णा, तो फोल्डर काढायचा नव्हता, आपण तो परत आणू. ते काहीच म्हणाले नाहीत, त्यांनी मॉनिटरवरचं क्रोशाचं कव्हर काढून नीट चौकोनी घडी करून मांडीवर ठेवलं, ते आईने विणलेलं आहे, त्याची घडी कायम तशीच पडते. परत आणायची पद्धत तशी सरळ आहे. त्याच नावाने हाताने नवा फोल्डर करून चालत नाही, कारण मग तो आपल्या मालकीचा होतो. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन विंडोज फीचर्स चालू-बंद करायची यादी उघडायची, त्यात इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस म्हणून एक आहे, त्यावर खूण करायची, ओके म्हणायचं. आयनेटपब हे मुळात त्याच गोष्टीचं घर, आपल्या कॉम्प्युटरवरून वेबसाइट चालवायची असेल तर लागणारं. आपल्यासारख्यांना ते कधीच लागत नाही. नंतर खूण काढून ते फीचर बंद करून टाकलं तरी फोल्डर राहतो, योग्य त्या मालकीसकट राहतो. जूनमध्ये यासाठी कंपनीने एक छोटी स्क्रिप्टही दिली, पण तेव्हा आम्ही हा लांबचाच रस्ता घेतला. जुनी हार्डडिस्क कुरकुरत राहिली, हिरवी पट्टी सरकत राहिली, बाहेर भाजीवाला ओरडून गेला आणि अण्णा एकदाही खुर्चीवरून उठले नाहीत.

आला फोल्डर. सहाचे परत सात झाले. मी राइट क्लिक करून सिक्युरिटीत गेले, ॲडव्हान्स्ड दाबलं, वर मालकाचं नाव असतं ते दाखवलं. सिस्टिम.

"सिस्टिम म्हणजे कोण?"

यावेळी मी उठले नाही. मला धड येत नव्हतं तरी सांगायला लागले की अण्णा, या कॉम्प्युटरवर तुम्ही एक वापरणारे, मी एक वापरणारी, तसा विंडोज स्वतः पण एक वापरणारा असतो, त्याचं नाव सिस्टिम. तो लॉगिन करताना दिसत नाही, पण आपण दोघं झोपलेलो असलो तरी तो जागा असतो आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त ठिकाणी जायची मुभा असते. आता समजा एखादा साधा वापरणारा, म्हणजे ज्याला फार मुभा नाही असा, किंवा त्याच्या नावाने चालणारा एखादा लबाड प्रोग्राम, त्याने सिस्टिमला फसवायचं ठरवलं. सिस्टिम अपडेटच्या कामासाठी ज्या जागेवर जाणार आहे त्या जागी तो आधीच एक खोटी पाटी लावून ठेवतो. पाटी म्हणते इकडे वळा. सिस्टिम बिचारा पाटीवर विश्वास ठेवून वळतो आणि जिथे जायला नको तिथे जाऊन फायली बदलतो किंवा पुसतो, आणि ते सगळं त्याच्या मोठ्या अधिकारात होतं. अपडेटच्या कामात अशी एक फट होती, ती या दुरुस्तीने बुजवली. आणि त्या दुरुस्तीचाच एक भाग म्हणून तो फोल्डर आधीच करून, त्यावर सिस्टिमचं नाव घालून ठेवला.

अण्णांचा चेहरा कोराच. मी थांबले. मग मला एकदम सीबीएस, म्हणजे नाशिकचा एसटी स्टँड आठवला, मे महिन्यातली गर्दी, आणि खिडकीतून आत फेकलेला रुमाल. म्हटलं, "अण्णा, एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरायचो की नाही?" आणि मी पुढे बोलायच्या आत ते म्हणाले, "हां हां, म्हणजे सिस्टिमने रुमाल टाकलाय."

आणि मी तो रुमाल उचलून खिडकीबाहेर टाकला होता, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. ते हसले. मला हसू आलं नाही खरं तर, पण त्यांच्या हसण्याने छातीवरचं काहीतरी हललं.

मग मी त्यांना पुढचंही सांगितलं, कारण एकदा सांगायला बसल्यावर अर्धवट सांगणं मला बरोबर वाटेना. केव्हिन बोमाँट नावाच्या ब्रिटिश सुरक्षा-संशोधकाने त्याच महिन्यात दाखवलं की या रुमालाच्या युक्तीतही एक खोट आहे, कोणीही साधा वापरणारा एका ओळीची कमांड देऊन त्याच नावाची पाटी दुसरीकडे वळवू शकतो आणि मग पुढची अपडेट्सच अडकतात. अण्णा यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, प्रेसमध्येही असंच असायचं, एक कुलूप लावलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या कुलपाचाच विचार करायचा. मला वाटलं होतं हे ऐकून ते घाबरतील. उलट त्यांचा विश्वास थोडा वाढल्यासारखा वाटला. खोट आहे हे उघड सांगणारं कोणीतरी आहे म्हटल्यावर त्यांना ते सगळं ओळखीचं, माणसांचं वाटलं असावं.

त्या दुपारी झोप येईना म्हणून पडल्या पडल्या मला रहाड आठवली. माझं आजोळ आणि वडिलांचं घर दोन्ही जुन्या नाशकातलंच, आमचा वाडा तिवंध्यापासून हाकेच्या अंतरावर. मी सहा-सात वर्षांची असेन, अण्णा मला मेन रोडला वह्या घ्यायला घेऊन चालले होते, आणि तिवंधा चौकात ते थांबले आणि पायाने जमिनीवर दोनदा आपटून म्हणाले, इथे खाली रहाड आहे. मला काहीच दिसत नव्हतं. रस्ता, सायकली, एक हातगाडी. मी म्हटलं कुठंय. आणि त्या माणसाने, भर रस्त्यात, ऑफिसच्या कपड्यात, उकिडवं बसून मला हाताने माप दाखवलं की इथून सुरू होते, तिथपर्यंत जाते, आत माणूस बुडेल एवढी खोल आहे, दगडाने बांधलेली, पेशव्यांच्या काळातली. वर्षभर वर लाकडं आणि माती टाकून बंद असते, लोक वरून जातात येतात, आणि रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, फुलं उकळून केलेला रंग भरतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला, मग पोरं त्यात धप्पा मारतात. तू मोठी झालीस की बघशील. मला तो रंग पुढे दिसलाच, अंगावरही उडाला, दोन दिवस कानामागून निघाला नाही, पण त्याच्यापेक्षा जास्त लक्षात राहिलंय ते त्यांचं बूट आपटणं. नवीन माणूस तिथून गाडी घेऊन गेला तर त्याला वाटेल रस्ताच आहे. पाणी-वीज-केबलवाला खोदायला आला तर गल्लीतला कोणीतरी धावत बाहेर येतो, इथे नको रे बाबा. तिथे पाटी असण्याची गरज नाही कारण गल्ली आहे. सांगणारं माणूस आहे.

त्या वर्षीची रंगपंचमी १९ मार्चला झाली होती. म्हणजे तो फोल्डर आला तेव्हा रहाडी बुजवून जेमतेम तीन आठवडे झाले होते, अण्णा आणि मी त्या चौकात उभं राहून बघूनही आलो होतो. आणि अपडेट म्हणजे कोण या प्रश्नाला मी चहाचं आधण ठेवलं होतं.

त्यानंतर वहीचं काय झालं ते सांगते. अण्णांनी शेवटून, उलट बाजूने, कॉम्प्युटरसाठी वेगळी पानं सुरू केली. रकाने आईचेच. कोण आलं, कशासाठी, काय केलं. फक्त पैशांचा रकाना नाही. सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरी म्हणून यादी असते ती ते बुधवारी सकाळी उघडतात. बुधवारी का, तर २००३ च्या ऑक्टोबरपासून ही सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची पद्धत आहे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की सुटतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि थंडीत साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे तो मंगळवार आपल्या घरी बुधवारी उगवतो. अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या दिवसावर, चतुर्थीच्या चंद्राशेजारी, पेन्सिलने बारीक फुली करून ठेवलीय.

यादीतले नंबर बघून सुरुवातीला मीच दबून जायचे. केबी आणि पुढे लांबलचक आकडे. केबी म्हणजे नॉलेज बेस, म्हणजे त्या आकड्याचा एक माहितीचा कागद कंपनीकडे असतो आणि तो नंबर टाकून शोधला की सापडतो, इतकं साधं ते आहे, आणि इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरूनही मी ते एकदाही शोधून बघितलं नव्हतं. शोधायला लागल्यावर काही नंबर ओळखीचे व्हायला लागले. २२६७६०२ हा डिफेंडरचा, म्हणजे व्हायरस ओळखायच्या यादीत भर घालणारा, दिवसातून कधी कधी दोन-तीनदा येतो, नंबर तोच. अण्णा त्याला दूधवाला म्हणतात आणि त्याची नोंद करत नाहीत, आईही दूधवाल्याची करत नव्हती. ८९०८३० हा २००५ पासून येतोय, काही ठराविक उपद्रवी प्रोग्राम हुडकून काढून टाकतो आणि जातो. त्याला अण्णांनी औषध-फवारणी लिहिलंय. प्रोग्रामच्या यादीत अपडेट हेल्थ टूल्स नावाचं काहीतरी न मागता येऊन बसलेलं दिसलं, तेही शोधलं, अपडेट अडकू नयेत म्हणून डिस्कवरची जागा वगैरे बघणारं निघालं. आणि विंडोजची आवृत्ती दाखवणारी विनव्हर ही कमांड टाइप केल्यावर जो २२एच२ असा शब्द दिसतो त्याचा अर्थ २०२२ सालची दुसरी सहामाही, हा मात्र अण्णांनीच ओळखला. म्हणाले, आमच्या लॉटला असेच नंबर असायचे.

दुपारी कधीतरी पंखा एकदम जोरात फिरायला लागतो, कॅबिनेटवर हात ठेवला तर थरथर जाणवते. पूर्वी अण्णा घाबरून प्लगच काढायचे. आता टास्क मॅनेजर उघडतात आणि विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर वर आलेला दिसला की म्हणतात, वर्कर आलाय, काम करू दे, आणि पेपर घेऊन गॅलरीत बसतात. त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बातम्या वाचताना पूर्ण स्क्रीनभर निळं पान उघडलं होतं, तुमचा कॉम्प्युटर बंद पडतोय, ताबडतोब या नंबरवर फोन करा, वरून कानठळ्या बसणारा आवाज. त्यांनी रिसीव्हर उचलला होता. समोरून कोणी बोलायच्या आत बेल वाजली, इस्त्रीवाला आला आणि फोन राहिला. खरं अपडेट कधीच फोन नंबर देत नाही, ते ब्राउझरच्या पानात येत नाही, सेटिंग्जमध्येच दिसतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तेव्हा सांगितलं काय, तर असल्या कशावर क्लिक करू नका. आता वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे, "फोन नंबर दिसला की खोटं. पैसे गेलेच तर १९३०."

एक गोष्ट मात्र मला अजून त्यांना नीट समजावता येत नाही, ती म्हणजे ते टक्के. अपडेट बसताना निळ्या स्क्रीनवर गोल फिरतो आणि खाली पस्तीस टक्के लिहून येतं, मग वीस मिनिटं पस्तीसच, मग एकदम एक्काहत्तर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घराघरात एकच प्रश्न असतो, गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं. गुडघ्याला म्हटलं की सराफ बाजारातली माणसं सावध होतात, कमरेला म्हटलं की सामान हलवायला लागतात, छातीला म्हटलं की बोलायचंच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अण्णा आणि आई अहिल्याबाई होळकर पुलाच्या बाजूने लांबूनच बघून आले होते, आई म्हणाली होती, मारुती दिसतच नाही गं. ते माप कोणाला शिकवावं लागत नाही. पस्तीस टक्के म्हणजे कंबर की गुडघे हे त्या स्क्रीनवरून कधीच कळत नाही. अण्णा समोर हाताची घडी घालून बसलेले असतात, ओठ हलतात, मला वाटतं ते मोजत असावेत.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक झालं. आमचा कॉम्प्युटर सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा, विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची लागते, म्हणजे आम्ही १० वरच राहणार. आणि १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तोही दुसरा मंगळवारच. आठवडाभर आधीपासून स्क्रीनवर सूचना येत होती. अण्णांनी ती शब्द न शब्द वहीत उतरवून ठेवली आणि मी आल्यावर विचारलं, आता कोणीच येणार नाही का? त्यांच्या आवाजात जे होतं त्याने मी हलले, कारण सहा महिन्यांपूर्वी हेच येणारे त्यांना परके वाटत होते. मी म्हटलं येतील अजून एक वर्ष, वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, फक्त नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्याशी जोडला तर पैसेही लागत नाहीत. आम्ही रात्री बसून नाव नोंदवलं. आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवायच्या हे मला मनापासून पटलेलं नाही, आजही नाही, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये हे चांगलं चालणारं यंत्र टाकून द्यायचं का हा विचारही नकोसा वाटतो. तेही मी अण्णांना सांगितलं. त्यांनी "कशासाठी" च्या रकान्यात लिहिलं, "एक वर्ष मुदत. ताईला पूर्ण पटलेलं नाही."

परवा धूळ झटकताना वही हातात आली म्हणून एप्रिलचं पान काढून बघितलं. ती ओळ तशीच आहे, खोडलेली नाही, अण्णा लिहिलेलं खोडत नाहीत. समासात बारीक अक्षरात नवीन शाईने लिहिलंय, "सिस्टिमने ठेवला होता. जागा धरण्यासाठी. १३ एप्रिलला परत ठेवला."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी, १२ तारखेला, मी ऑफिसातून आले. थंडी पडायला लागली होती, अण्णांच्या अंगात आईने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर होता. कॉम्प्युटर चालू, कव्हर मांडीवर, वही पुढ्यात उघडी. तारीख लिहिली होती, सात आकडी नंबर एकेक आकडा सुटा सुटा करून लिहिला होता, आणि पुढे "कशासाठी" चा रकाना कोरा होता. पेनचं टोपण काढून हातात धरलेलं.

"ताई, आलीस का? हा बघ, नवीन दिसतोय. हा कोण?"

मी पर्स खुंटीला लावली आणि स्टूल ओढलं.